टायगर सलामी

“बूट काढ मुकुंदा,” मी म्हटलं.

“काढतो ना काका. जरा कॅमेरा लागू दे.”

लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या पहिल्या पायरीशी तो उभा होता आणि त्याच्या मागे निम्मं चाफेघर. माघातली दुपार, डोक्यावर ऊन, आणि या गृहस्थाच्या अंगात काळं चामड्याचं जाकीट. जाकिटाच्या पाठीवर जरीचा वाघ. डोळ्यांवर काळा चष्मा, केसांना काळा रंग, आणि पायात गुडघ्यापर्यंत चढलेले बूट. मुंबईहून आलेल्या कॅमेरावाल्याने मान हलवली, तसा तो मोठ्या भक्तिभावाने बूट काढायला वाकला. पण वाकणं काही पुरं होईना. शेवटी त्याने देवळाचा कठडा धरला, आणि बरोबरच्या माणसाने खाली बसून एकेक बूट ओढून काढला.

पडद्यावर हाच पाय म्हणे माणसाच्या जबड्यापर्यंत जायचा. त्या दिवशी तो मालकाच्या हातापर्यंत येत नव्हता.

“टायगर सलामी! टायगर सलामी!” मागची पोरं ओरडायला लागली. त्याने काहीतरी केलं असावं. गर्दीत तो एकदम खाली दिसेनासा झाला, शिट्ट्या पडल्या आणि तो पुन्हा वर आला. मी पेटी घेऊन आत गेलो. मला सूर जुळवायचे होते.

विक्रम टायगर म्हणजे आमच्या नारळाच्या वखारीवाल्या रेडिजांचा मुकुंदा. मारामारीच्या सिनेमांत तो नायक होता. ‘काला पट्टा’, ‘टायगर की टांग’ असली त्यांची नावं. मी त्यातला एकही पाहिलेला नव्हता. आमच्या गावात त्या काळी माणसांच्या दोन तऱ्हा होत्या. तंबूतल्या सिनेमाला जाणारे आणि देवळातल्या कीर्तनाला जाणारे. तंबूवाले कीर्तनाला येत नसत आणि आम्ही तंबूकडे फिरकत नसू. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही गर्दी एका मांडवात आल्या होत्या. पुढे आमच्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या, मागे शिट्ट्या मारणारी पोरं.

हे घडवून आणलं उत्सवाच्या कार्यवाहांनी, आप्पा शेट्यांनी. मुकुंदाचे सिनेमे चालेनासे झाले होते. आता कुठल्याशा वाहिनीवर त्याच्या आयुष्याचा कार्यक्रम होणार होता, आणि त्यात ‘गावाने केलेला गौरव’ हवा होता. गौरव म्हणजे नुसती शाल नाही. त्याला कीर्तन हवं होतं. त्याच्या आयुष्याचं आख्यान. नारदाच्या गादीवरून.

देवळामागच्या खोलीत गोविंदबुवा आठल्ये उपरणं नीट करत बसले होते. बुवा आमच्या देवळाचे कीर्तनकार. वय सत्तरीपुढे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माणूस ओळखायचे ते आवाजावरून आणि पावलांवरून. मी त्यांच्या मागे पेटीवर बसायला लागलो तेव्हा माझे केस काळे होते. पुष्कळ कीर्तनकार ऐकले, पण बुवा पूर्वरंगात एखादा शब्द असा उलगडत की चार दिवस तो शब्द आपल्याबरोबर बाजारात, नदीवर, पंगतीत फिरत राही.

मुकुंदा आत आला, आप्पा शेट्ये मागोमाग.

“बुवा, पाया पडतो,” मुकुंदा म्हणाला आणि उभाच राहिला.

“ये मुकुंदा. मोज्यांचा आवाज येतोय. बूट होते का?”

“इटालियन आहेत बुवा.”

“असू देत. बस.”

“बुवा, हे थोडे मुद्दे,” आप्पा म्हणाले. “जन्म, वखारीत नारळ फोडायचे ते हाताने, मग मुंबई, मग जपानात डोंगरावर गुरूंकडे शिक्षण...”

“जपानला कधी गेला हा?” मी विचारलं.

“काका, ते पब्लिकला आवडतं,” मुकुंदा म्हणाला. “तर बुवा, तुम्ही पुलावरच्या उडीपर्यंत या. ‘काला पट्टा’मधली उडी. वर्ल्डफेमस आहे. डबल वगैरे नाही, विक्रम टायगरने कधी डबल वापरला नाही. तुम्ही तिथे थांबायचं, मी चुटकी वाजवणार आणि दोन्ही टीव्हींवर ती उडी लागणार. टाळ्या. खलास.”

“डबल म्हणजे?” बुवांनी विचारलं.

“हिरोच्या बदली दुसराच उड्या मारतो तो,” आप्पा म्हणाले.

“आणि हार?”

“हार हिरोला.”

बुवा हसले. “मुकुंदा, देवाच्या, संतांच्या, फार तर एखाद्या वीराच्या कथा सांगतात त्या गादीवरून. जिवंत माणसाचं आख्यान लावत नाहीत. त्याचा शेवट अजून ठरायचा असतो.”

“शेवट हॅपीच आहे बुवा.”

मला वाटलं, बुवा आता नाही म्हणणार. मी पेटीचा भाता बांधायलासुद्धा घेतला. बुवा बराच वेळ उपरण्याच्या काठाशी चाळा करत राहिले.

“लावतो,” ते म्हणाले. “पण मला एक द्यायचं.”

“हुकूम करा.”

“नारायण प्यालेला नव्हता. एवढं एक वाक्य. मध्यंतराला, माइकवर, गावादेखत तू बोलायचंस.”

आप्पांनी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली.

नारायण म्हणजे बुवांचा एकुलता मुलगा, नारू. लहानपणापासून बुवांच्या मागे झांज घेऊन उभा असायचा. मल्लखांबावर असा चढायचा की त्या अंगात हाडं आहेत की नाहीत असं वाटावं. मुकुंदाबरोबर तोही मुंबईला गेला. काय काम करतोस विचारलं की म्हणायचा, “मुकुंदासोबत असतो. जास्त सांगायचं नाही, कंपनीचा नियम आहे.” पुढे एक दिवस मुकुंदा अस्थींचा कलश घेऊन गावात आला. रडत रडत सांगितलं की शूटिंगच्या गावी नारू रात्री दारू पिऊन पुलावर चढला आणि पडला. मी किती बजावलं होतं, म्हणाला. त्या दिवसापासून कीर्तनकार आठल्यांचा मुलगा पिऊन मेला, ही गोष्ट गावात कायमची राहायला आली. नारूची आई, आमच्या माई, त्यानंतर कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. फक्त कीर्तनाला यायच्या आणि खांबाआड बसायच्या.

“बुवा, जुनी गोष्ट ती,” मुकुंदा म्हणाला.

“तुला जुनी. माई अजून खांबाआड बसते. तो पीत नव्हता हे तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं एका खोलीत राहत होतात.”

“हो पण...”

“मग एवढं बोल. मी तुझ्या कथेत काही कमी ठेवणार नाही.”

मुकुंदाने चष्मा काढला, बाहेर कॅमेऱ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला. मग बुवांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “डन, बुवा. प्रॉमिस.”

बुवांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

कीर्तन चारला उभं राहिलं. मांडवात सगळी माणसं चटयांवर. मुकुंदासाठी मात्र मंगल कार्यालयातून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली होती, आणि ती गादीच्या अगदी शेजारी, बायकांच्या पुढ्यात मांडली होती. नारदाच्या गादीवर जो उभा राहील त्याच्यापुढे राजाने वाकावं असा संकेत आहे. हे महाराज पायावर पाय टाकून बसले. दोन्ही बाजूंना टेबलांवर टीव्ही. व्हिडिओवाला कोपऱ्यात वायरी जुळवत होता.

बुवा गादीशी आले. उजव्या हातात चिपळ्या होत्याच. वाकले, बोटांच्या मागच्या बाजूने भुईला स्पर्श केला, तीच बोटं कपाळाला लावली आणि गादीवर उभे राहिले. तळवा चिपळ्यांनी अडलेला, म्हणून हात उलटा. हे मी इतकी वर्षं बघत होतो की आता दिसायचंही बंद झालं होतं.

पूर्वरंगाला त्यांनी सत्यवचनाचा विषय घेतला. कुणासाठी घेतला ते मला कळत होतं. काय बोलले! खोटं बोलणाऱ्याला त्यांनी एक शिवी दिली नाही. म्हणाले, खोटं बोलणारा फार कष्टाळू. खरं एकदा सांगून माणूस झोपी जातो, खोट्याला मात्र रोज उठून पाणी घालावं लागतं. आमच्या म्हाताऱ्या खुदखुदल्या. मागची शिट्टीवाली पोरंसुद्धा गप्प झाली. मुकुंदा मान डोलावत होता, कारण कॅमेरा त्याच्यावर होता.

मध्यंतर झालं. बुवांना हार घातला. बुक्का फिरला. आप्पांनी माइक मुकुंदाच्या हातात दिला. खांबाआडून माई पुढे सरकून बसल्या. त्या दिवशी त्या ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या होत्या. पदर नीट करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या मुकुंदाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“माझ्या प्यारे चाफेघरवासीयांनो,” मुकुंदा म्हणाला. मग नारळ, मग जपानचा डोंगर, मग बर्फात उघड्या अंगाने केलेली तपश्चर्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने आवाज खाली आणला. आवाज खाली आणायचं कुठेतरी शिकला असावा.

“आज बुवांनी मला म्हटलं, नारूबद्दल बोल. नारू माझा भाऊ होता. सगा भाऊ. माणूस आहे, चुकतो. त्याच्या हातून चूक झाली. पण मी त्याच दिवशी त्याला माफ केलं. आज मी तुम्हाला हात जोडतो, तुम्ही पण त्याला माफ करा.”

आणि हात जोडले.

पहिली टाळी आप्पांची. मग सगळ्यांची. कॅमेरावाला जवळ सरकला, कारण मुकुंदाने चष्म्याखालून डोळा पुसला होता. माईंनी पदर कपाळावर ओढला आणि होत्या तिथूनच, न उठता, मागे खांबाकडे सरकल्या.

मी पेटीवरून पुढे वाकलो. “बुवा, दुसरं आख्यान लावा.”

“शब्द दिलाय पोंक्षे.”

“अहो, त्याने मोडला की.”

“त्याने मोडला. मी नाही.” त्यांनी चिपळ्या उचलल्या. “सूर द्या. काळी दोन.”

मी सूर दिला. माझी बोटं इतक्या रागाने पट्ट्यांवर कधी पडली नव्हती. आणि बुवांनी त्या माणसाची कथा लावली, ती दुसऱ्या कुणाची वाटावी अशी. वखारीतल्या काथ्याचा वास मांडवात आला. मुंबईला निघालेला पोरगा एसटीच्या खिडकीतून आईला हात करतो, ते ऐकून रेडिजांची मोठी सून हुंदके देऊन रडली. गुंडांशी मारामारी बुवांनी अशी रंगवली की तबलजीने आपणहून लय वाढवली. ज्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता ते बुवा बंद डोळ्यांनी तो उभा करत होते. आणि खुर्चीवर नवरदेव फुलत होता. मध्येच तो कॅमेरावाल्याला बोटाने खुणा करी. बुवांचा चेहरा घेऊ नको, माझा घे.

“दोन्ही बाजूंनी शत्रू,” बुवा म्हणाले. “मध्ये दगडी पूल. खाली नदी. वीर कठड्यावर चढला. आता मागे फिरणं नाही...”

चिपळ्या थांबल्या. मुकुंदाने चुटकी वाजवली.

दोन्ही टीव्हींवर मुंग्या नाचल्या आणि मग ऊन पडलं. दुपारचं कडक ऊन. दगडी पुलाच्या वीतभर रुंद कठड्यावरून पांढऱ्या कपड्यांतला, कमरेला काळा पट्टा बांधलेला एक माणूस पलीकडे चालत निघाला होता. चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. मध्यावर तो थांबला. वाकला. हात दगडाला टेकवला, कपाळाला लावला. मग दोन्ही हात पसरून त्याने स्वतःला खाली सोडून दिलं. पाणी उडालं. आणि लगेच त्या पाण्यातून विक्रम टायगर जवळून, हसत, छाती काढून बाहेर आला. इतक्या उंचावरून पडून, नदीतून निघून, त्याचा भांगसुद्धा मोडला नव्हता.

“टायगर सलामी!” मागून गर्जना झाली. मुकुंदा खुर्चीवरून उठला, एक गुडघा टेकला, बोटांच्या मागची बाजू भुईला लावली आणि कपाळाला नेली. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. आप्पा शेट्यांनी चपळाईने खुर्ची मागे ओढली, टायगर चित्रात नीट यावा म्हणून.

“अहो,” कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. पण कीर्तन उभं असताना माईंचा आवाज आम्ही कधीच ऐकलेला नव्हता. त्या उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावर आला होता.

“अहो, हा आपला नारू आहे.”

पोरांचा गोंधळ पुढून मागे विझत गेला.

“काय दिसलं तुला?” बुवांनी गादीवरून विचारलं. आवाजाच्या दिशेला त्यांनी मान वळवली होती.

“पाठ दिसली. आणि हात उलटा टेकवला त्याने. झांज धरल्यासारखा. देवापुढे रिकाम्या हाताने वाकला तरी तसाच टेकवायचा, मी हसायची त्याला.”

मुकुंदा उठला. उठताना मांडीवर हात देऊन उठला. “माई, माई. तो मी आहे. विक्रम टायगर डबल वापरत नाही, अख्ख्या इंडस्ट्रीला माहीत आहे.”

“असेल,” बुवा म्हणाले. “मुकुंदा, आख्यान तुझं आहे, तर तूच सांग. ही तुझी सलामी. लोक म्हणतात तू हात उलटा टेकवतोस. उलटा का?”

याचं उत्तर त्याला पाठ होतं. मुलाखतींत शंभर वेळा दिलं असेल. त्याने माइक तोंडाशी घेतला. “जपानमध्ये माझ्या गुरूंनी शिकवलं. तळवा कधी शत्रूला दाखवायचा नाही. हजार वर्षांची परंपरा आहे ती.”

“बरं,” बुवा म्हणाले.

ते गादीवरून खाली उतरले. आम्हाला वाटलं, आता काही बोलतील. उजव्या हातात चिपळ्या तशाच होत्या. बुवा वाकले, बोटांच्या मागच्या बाजूने भुईला स्पर्श केला, बोटं कपाळाला लावली आणि पुन्हा गादीवर चढून उभे राहिले. एवढ्याशा हालचालीने चिपळ्यांतल्या चकत्या जरा वाजल्या.

“अरे, ही तर टायगर सल...” मागून एक पोरगा बोलायला गेला.

“गप्प,” दुसऱ्याने त्याला दाबलं. “बुवांची आहे ती.”

मुकुंदा हसला. एकटाच. “बुवा, योगायोग असतो...”

“असतो की. पोंक्षे,” बुवा मागे न वळता म्हणाले, “तुमचे डोळे चांगले आहेत. कठड्यावरून चालताना त्याचे पाय कसे पडत होते?”

साथीदाराने कीर्तनात बोलायचं नसतं. मी भात्यावरचा हात काढला.

“सरळ, बुवा.”

“कुठे डगमगला?”

“कुठेही नाही. ओळंबा धरून चालावं तसा चालला.”

“रात्र होती?”

“लख्ख ऊन होतं. त्याची सावली त्याच्या पायाशी होती.”

बुवांनी मान हलवली. मग समोरच्या सगळ्या मांडवाकडे, ज्यातलं एकही तोंड त्यांना धड दिसत नव्हतं, त्यांनी पाहिलं. “ऐकलंत?” ते म्हणाले. “मला एवढंच हवं होतं.”

“कट!” मुकुंदा ओरडला. “कट कर. बंद कर तो कॅमेरा.” आणि तो निघाला.

पण निघणार कुठून? खुर्ची अगदी पुढे मांडलेली, आणि भोवती सगळीकडे आमच्या म्हाताऱ्या मांडी घालून बसलेल्या. पडद्यावर शंभर गुंडांच्या गराड्यातून लाथा मारत बाहेर पडणारा हा पुरुष एका पायावर उभा राहून दुसरा पाय कुठे ठेवावा ते शोधत होता. एकीनेही मांडी मोडली नाही.

“वाट द्या ना आजी,” तो म्हणाला.

“कीर्तन उभं आहे,” सोनारांची काशीआजी म्हणाली. “अर्ध्यावरून उठत नाहीत. आईने शिकवलं नाही का तुला? बस.”

तो खुर्चीसाठी मागे वळला. खुर्ची आप्पांनी केव्हाच मागे ओढली होती आणि ती आता टीव्हीच्या टेबलापलीकडे होती. मुकुंदा आप्पांकडे बघत राहिला, आप्पा टीव्हीच्या वायरींकडे. शेवटी विक्रम टायगर चटईच्या कडेला, काशीआजीच्या पायाशी, जाकिटासकट खाली बसला. पाय दुमडता येईना म्हणून लांब केला, तर आजीने टपली मारली. “देवाकडे पाय नको करूस.”

बुवांनी चिपळ्या वाजवल्या. आख्यान अर्धवट टाकून कीर्तन संपवता येत नाही. मी काळी दोन धरली.

“तर श्रोतेहो,” बुवा म्हणाले. इतका वेळ खडा असलेला आवाज आता चिरकला, पण सूर सुटला नाही. “पाण्यात गेला तो एक, बाहेर आला तो दुसरा. कथा संपूर्ण.”

आणि देवाच्या नावाचा गजर केला. मी आयुष्यात पुष्कळ गजर ऐकले. त्या दिवशी तंबूतल्या पोरांनी दिलेला गजर मला अजून ऐकू येतो. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती देतच राहिली.

आरती झाली. लोक रांगेने बुवांच्या पाया पडायला लागले, बुवा एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत होते. पोरं आली ती एक गुडघा टेकून, उलटा हात भुईला लावून वाकत होती. बुवांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मुकुंदा रांगेत नव्हता. बाजूच्या दाराने तो पायरीशी पोचला, पण बूट चढवून देणारा माणूस प्रसादाला गेला होता. थोडा वेळ वाट पाहून त्याने इटालियन बूट काखेला मारले आणि चिऱ्यांच्या वाटेने नुसत्या मोज्यांवर गाडीकडे गेला. मधूनमधून खडे टोचत होते, तेव्हा त्याचा पाय चांगला उंच उचलला जात होता. सलामी कुणी मागितली नाही.

पुढे तो कार्यक्रम दाखवला म्हणतात. त्यात आमचं देऊळ नव्हतं. आप्पांना फार वाईट वाटलं.

मांडव रिकामा झाल्यावर मी पेटीला खोळ घालत होतो. व्हिडिओवाला वायरी गुंडाळायला लागला होता. माई त्याच्याजवळ गेल्या. रांगेत त्या सर्वांत शेवटी उभ्या राहिल्या होत्या आणि बुवांनी त्यांच्या हातावर चिमूटभर बुक्का ठेवला होता. तो त्यांनी तसाच मुठीत धरला होता.

“बाबा रे, ते मघाचं पुन्हा दिसेल का?”

“दिसेल की माई. लावतो. उडीच ना?”

“उडी नको,” माई म्हणाल्या. “त्याच्या आधी थांबव.”

त्याने फीत मागे नेली आणि पुढे सोडली. पुलावर ऊन पडलं. नारू कठड्यावरून सरळ चालत मध्यावर आला, थांबला, वाकला, आणि हात दगडाला टेकलेला असतानाच त्या माणसाने बटण दाबलं. चित्र जरा थरथरत राहिलं.

बुवा गादीच्या कडेला बसले होते. “काय करतोय तो?” त्यांनी विचारलं.

“नमस्कार करतोय,” माई म्हणाल्या.

मग त्यांनी मूठ उघडली, बोट बुक्क्यात बुडवलं, आणि टीव्हीच्या काचेवर, त्याचं कपाळ जिथे असेल तिथे, टेकवलं.